चरणी, कोंडवाडा आणि पांजरापोळ : जीवदयेच्या जमाखर्चाचा इतिहास

दानाची खाती निरनिराळी ठेवण्याची शिस्त जैन समाजात फार जुनी आहे. देवद्रव्य वेगळे, ज्ञानखाते वेगळे, साधारण वेगळे आणि जीवदयेचे खाते त्याहून वेगळे. जीवदयेसाठी आलेली रक्कम अन्य कोणत्याही कामाकडे वळवावयाची नाही, हा दंडक लहानशा गावातील संघही कसोशीने पाळतो. पर्युषणात या खात्यात रक्कम लिहविणाऱ्या श्रावकाच्या मनी एकच भाव असतो की, आपला पैसा मुक्या जीवाच्या मुखी घास होऊन पोहोचावा. परंतु घासाच्या आधी दोन प्रश्न उभे राहतात. जनावर उभे राहील ती जमीन कोणाची? आणि त्या जमिनीपर्यंत जाणारी वाट कोणाची? पांजरापोळींचा इतिहास हा पुष्कळ अंशी या दोन प्रश्नांचा आणि त्यांपायी येणाऱ्या खर्चाचा इतिहास आहे. वसई-विरारच्या परिसरास हा इतिहास परका नाही. म्हणूनच सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी त्याचे स्मरण उचित ठरावे.

सोपाऱ्याचा वारसा

आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली येथील ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले व त्यातून बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच सुमारास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात त्यांच्या हाती लागला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा भाग मिळाला. याच लेखमालेतील दुसरा लेख गिरनार येथे पाहावयास मिळतो. माणसांच्या व पशूंच्या चिकित्सेची सोय, औषधी वनस्पतींची लागवड, वाटेवर विहिरी व वृक्ष यांची व्यवस्था हा त्याचा विषय आहे. पशूंवर राज्याने खर्च करावा ही कल्पना सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच पाषाणावर कोरली गेली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

जैन परंपरेतही सोपाऱ्याचे स्थान मोठे आहे. वज्रस्वामींचे शिष्य वज्रसेनसूरी भीषण दुष्काळात सोपारा नगरीत आले, त्या वेळची कथा सर्वश्रुत आहे. श्रेष्ठी जिनदत्त याच्या घरी एक लक्ष मुद्रा मोजून एका हंडीपुरते धान्य आणले गेले होते. तेही संपल्यावर पुढे काय, या विवंचनेत त्याची पत्नी ईश्वरी त्या अन्नात विष कालविण्यास निघाली. आचार्यांनी तिला थांबविले आणि उद्या सुकाळ होईल असे आश्वासन दिले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली गलबते बंदरास लागली. नागेंद्र, चंद्र, निर्वृती व विद्याधर या त्यांच्या चार पुत्रांनी दीक्षा घेतली व त्यांच्या नावांनी चार कुले प्रसिद्धीस आली. या कथेतील श्रद्धेचा भाग तर मोलाचा आहेच, पण व्यवहाराचा बोधही लहान नाही. द्रव्य असूनही धान्य नसेल तर जीव वाचत नाही. त्याचप्रमाणे खात्यात रक्कम असूनही चारा व जागा नसेल तर जनावर वाचत नाही.

मुंबईचा १८३२ सालचा प्रसंग

पांजरापोळ ही संस्था गुजरातेत पूर्वापार चालत आलेली होती. गावच्या महाजनांनी वर्गणी काढून लंगडी, आंधळी, म्हातारी व भाकड जनावरे सांभाळावयाची, ही तेथील रीत होती. मुंबई बेटावर मात्र तिचे बीज एका दंगलीतून पडले. मोकाट कुत्री मारण्याचा नियम मुंबईत १८१३ पासून होता. १८३२ साली ती मुदत वाढविण्यात आली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवण्यात आले. इनामाच्या लोभाने घरांतून व अंगणांतूनही कुत्री ओढून नेली जाऊ लागली. ६ जून १८३२ रोजी पारशी मंडळींच्या संतापाचा उद्रेक झाला व दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन आदी व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. सैन्य बोलावून बंदोबस्त करावा लागला.

दंगल शमल्यावर समाजधुरीणांनी जो मार्ग काढला तो आजही अभ्यासण्याजोगा आहे. कुत्री रस्त्यावर नकोत, हे सरकारचे म्हणणे त्यांनी नाकारले नाही. मारण्याऐवजी ती अन्यत्र नेऊन सांभाळण्याचा भार त्यांनी स्वतःवर घेतला. सर जमशेटजी जीजीभॉय व मोतीशाह शेठ यांच्या पुढाकाराने १८३४ साली भुलेश्वराजवळ मुंबई पांजरापोळ स्थापन झाली. पारशी व जैन या दोन समाजांचे धुरीण येथे खांद्यास खांदा लावून उभे राहिले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

मोतीशाह शेठ म्हणजे मोतीचंद अमीचंद. भायखळ्याचे आदिनाथ मंदिर व शत्रुंजयावरील टूक यांमुळे त्यांचे नाव अजरामर झाले आहे. विरारनजीकच्या आगाशी तीर्थातील श्री मुनिसुव्रतस्वामींचे मंदिरही त्यांनीच उभारले, अशी परंपरा आहे. आगाशीच्या यात्रेस जाणाऱ्या भाविकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते की, ज्या हातांनी हे मंदिर उभारले त्याच हातांनी मुंबईच्या पांजरापोळीचा पायाही घातला.

पांजरापोळीचा खर्च एकट्या दात्याच्या औदार्यावर सोडण्यात आला नाही, ही तिची खरी मजबुती होय. व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवून मालाच्या उलाढालीवर अल्पसा ‘लागा’ बसविला. कापसाचा सौदा झाला की त्यातून काही पै-आणे जनावरांच्या खाती जमा होत. देणाऱ्यास तो जाणवत नसे आणि घेणाऱ्यास तो वर्षभर पुरे. सरकारी कराचा त्यात बडगा नव्हता. होती ती बाजारातील पत आणि परस्परांची लाज. व्यापार चालला की चारा चालला, असा हा सरळ हिशेब होता.

चरणी : गवतावर लावलेला कर

पांजरापोळ उभी राहिली तरी शहरातील गाई-म्हशींच्या चराईचा प्रश्न सुटला नव्हता. किल्ल्याबाहेरील मोकळ्या मैदानावर गुरे चरत असत. १८३८ साली सरकारने त्यावर चराई शुल्क बसविले. गरीब गवळ्यास ते परवडेना. तेव्हा जमशेटजींनी पदरचे सुमारे २०,००० रुपये खर्चून ठाकूरद्वाराजवळ समुद्रकाठी गवताळ जमीन खरेदी केली आणि तेथे गुरांना विनाशुल्क चरू दिले. या ‘चरणी’वरूनच आजच्या चर्नी रोड स्थानकास नाव पडले, असे सांगितले जाते.

या घटनेत जमीन, वाट व खर्च हे तिन्ही प्रश्न एकत्र आलेले दिसतात. जोवर मैदान सर्वांचे होते तोवर गवतास किंमत नव्हती. प्रवेशावर शुल्क लागताच गुरांच्या पोटाचा प्रश्न मालकाच्या खिशाचा झाला. जमशेटजींनी शुल्काची रक्कम दरवर्षी भरण्याचा मार्ग पत्करला नाही. त्यांनी जमीनच विकत घेतली. वार्षिक वर्गणी आणि कायमची जागा यांतील भेद त्यांना व्यापारी दृष्टीने अचूक कळला होता.

आज चर्नी रोडला गवताची काडीही दृष्टीस पडत नाही. नाव उरले, जमीन उरली नाही. भुलेश्वरची पांजरापोळ मात्र गजबजलेल्या बाजारपेठेच्या मध्यात अद्याप उभी आहे व तेथे गाईंना चारा घालण्यास भाविक आजही जातात. दोहोंच्या आरंभी चार-पाच वर्षांचेच अंतर होते. एक कुरण एका उदार गृहस्थाचे होते, तर दुसरी जागा एका संस्थेची होती आणि तिच्यामागे बाजाराचा लागा होता.

नगरपालिका आणि कोंडवाडा

वसईची नगरपालिका १८६४ सालची. त्यानंतर तीनच वर्षांनी, १२ एप्रिल १८६७ रोजी, विरार ते मुंबईतील बॅकबे अशी रेल्वेगाडी सुरू झाली. बागायती, मीठ, मासळी व शेती यांवर जगणाऱ्या या मुलखात गुरे जितकी होती तितकीच त्यांनी पिकात घुसण्याची भांडणेही होती. अशा भांडणांसाठी १८७१ सालचा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला आणि कोंडवाडा हा शब्द घरोघरी पोहोचला.

त्या कायद्याची रचना व्यवहारी होती. पिकाची नासाडी करणारे जनावर शेतकऱ्याने धरावे व मुदतीत कोंडवाड्यात पोहोचवावे. रस्त्यावर भटकणारे जनावर पोलिसांनी आणावे. मालकाने दंड व चारा-पाण्याचा खर्च भरून ते सोडवावे. मूळ कायद्यात दंडाचे दर आकारमानानुसार होते. हत्तीस २ रुपये, उंट व म्हशीस ८ आणे, गाय, बैल व घोड्यास ४ आणे, वासरू व गाढवास २ आणे, शेळी-मेंढीस १ आणा. सात दिवसांत मालक न आल्यास नोटीस लावावयाची व आणखी सात दिवसांनी जाहीर लिलाव करावयाचा. विक्रीतून दंड व खर्च वजा करून उरलेली रक्कम मालकास देण्याची तरतूदही होती. कोंडवाड्याच्या रखवालदाराने अथवा पोलिसाने लिलावात स्वतः किंवा आडून जनावर खरेदी करू नये, असेही कायद्यात स्पष्ट लिहिले होते. कायदा करणाऱ्यास मनुष्यस्वभावाची चांगली ओळख होती, हे यावरून दिसते.

तथापि कोंडवाडा हे जनावरांचे आश्रयस्थान नव्हे. त्याचा सारा हिशेब जनावराच्या किमतीवर चालतो. दुभती गाय किंवा जोताचा बैल सोडविण्यास मालक धावत येतो, कारण दंडापेक्षा जनावराचे मोल अधिक असते. आटलेली गाय, पाय मोडलेला बैल, वासराविना हंबरणारी म्हातारी म्हैस यांना सोडविण्यास कोणी येत नाही. त्यांच्या चाऱ्याचा खर्च लिलावातही भरून निघत नाही. आणि लिलावात बोली लावणारा जनावर कशासाठी नेतो, हे विचारण्याची जबाबदारी कोंडवाड्यावर नसते. कोंडवाड्याचा हिशेब जनावराची किंमत असेपर्यंतचा आहे, तर पांजरापोळीचा हिशेब ती किंमत संपल्यावर सुरू होतो. म्हणूनच पालिकेचा कोंडवाडा व महाजनांची पांजरापोळ ही एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. दोघांनाही दोघांची गरज असते.

गवत कापणाऱ्या हातांचा हिशेब

मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातून मोठ्या प्रमाणावर जात असे. ते कापणारे हात वारली व अन्य आदिवासी बांधवांचे होते. जमीनदारांच्या वेठीखाली हे काम नाममात्र मोबदल्यात करून घेतले जाई. १९४५ साली गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वेठीविरुद्ध आवाज उठविला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी, ही त्यांची प्रमुख मागणी होती. ११ ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला व त्यात काहींचे प्राण गेले. आजच्या पालघर जिल्ह्याच्या इतिहासातील हे पान जीवदयेचा विचार करताना उलटून जाता येत नाही. जनावराच्या गव्हाणीत पडलेल्या पेंढीची खरी किंमत ती कापणाऱ्याच्या मजुरीसह मोजावी लागते. पशूवर करुणा आणि मजुरावर अन्याय अशी दोन खाती एकाच वहीत बसत नाहीत. जैन आचारातील अनुकंपा मनुष्यास वगळून सुरू होत नाही, हे सांगणे नलगे.

गुरचरण, वाट आणि वाढते शहर

गावोगावी गुरांच्या चराईसाठी राखलेली जमीन म्हणजे गुरचरण अथवा गायरान. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २२ अन्वये अशी जमीन जिल्हाधिकारी नेमून देऊ शकतात व कलम २३ प्रमाणे तेथील मोफत चराईचा हक्क त्याच गावच्या गुरांपुरता असतो. पुढे कलम २२-अ जोडून गायरान अन्य कामास वळविण्यावर निर्बंध घालण्यात आले. वाटेच्या तंट्यांसाठीही तरतूद आहे. बांधावरून शेतात जाण्याचा हक्क मागावयाचा असल्यास कलम १४३ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. पूर्वापार वहिवाटीची वाट कोणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा आधार आहे. जीवदया संस्थेस जमीन दान मिळते, सात-बाराही नावावर होतो, पण चाऱ्याची गाडी नेण्याची वाट शेजाऱ्याच्या गटातून असते व ती लेखी नसते, तेव्हा या कलमांचे महत्त्व कळते. दात्याच्या हयातीत जी वाट शब्दावर चालते, ती पुढल्या पिढीत तंट्याचे कारण होते.

वसई तालुक्यात शहर वाढले तसे हे प्रश्न बिकट झाले. १९९० च्या सुमारास येथील नियोजनाचे काम सिडकोकडे गेले. तत्पूर्वीच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईच्या रक्षणाची चळवळ सुरू झाली होती. पाणी व हिरवळ वाचविण्यासाठी लोक रस्त्यावर आले. २००३ साली पूर्वेकडील तुंगारेश्वरचे वन अभयारण्य म्हणून घोषित झाले व तेथील चराई वन्यजीव कायद्याच्या नियमनाखाली आली. वन्य जीवांचे रक्षण झाले, हे चांगलेच झाले. पायथ्याच्या गावांतील गुरांची चाऱ्याची वाट मात्र अरुंद झाली. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. गाव शहरात आले की गुरचरणाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पंचांना जे कुरण दिसे ते नियोजनकारास मोकळा भूखंड दिसतो आणि अतिक्रमण करणाऱ्यास निवाऱ्याची जागा.

हा प्रश्न एकट्या वसईचा नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याची योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. त्यानुसार महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला. तरीही राज्यातील गायरानांवरील लाखो बांधकामांचा प्रश्न २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर पुन्हा उभा राहिला. त्या बांधकामांत गरिबांची घरेही आहेत, ही गोष्ट ध्यानी घेता प्रश्नाचा गुंता किती अवघड आहे हे लक्षात येते.

आजचा जमाखर्च

मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. जीवदयाप्रेमी समाजास त्याचे समाधान वाटणे स्वाभाविक होते. मात्र कामातून गेलेल्या बैलाच्या पोषणाचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न त्याबरोबरच आला. २०१७ साली शासनाने ‘गोवर्धन गोवंश सेवा केंद्र’ ही योजना आणली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन प्रतिगाय ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. खटल्यात जप्त झालेल्या जनावरांच्या पोषणाचा खर्च आरोपीकडून वसूल करण्याची तरतूद २०१७ च्या केंद्रीय नियमांत आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरील मोकाट गुरे हटवून त्यांना निवाऱ्यात ठेवण्याचे निर्देश दिले. मुंबई-अहमदाबाद महामार्ग वसई तालुक्यातूनच जात असल्याने या निर्देशाचे पडसाद येथेही उमटणार, हे उघड आहे.

या साऱ्याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. सुमारे ३०० किलो वजनाच्या गाईस वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे दररोज साडेसात किलो शुष्क चारा लागतो, असा पशुपालनातील ठोकताळा आहे. शंभर गाईंना रोज ७५० किलो व वर्षास २७० टनांहून अधिक चारा हवा. ५० रुपयांच्या दराने एका गाईस वर्षाचे १८,२५० रुपये व शंभर गाईंस १८,२५,००० रुपये होतात. रक्कम लहान नाही. पण तीतूनच चारा, पाणी, गोठ्याची डागडुजी, औषधोपचार व मजुरी भागवावयाची असते. म्हशी, संकरित गाई, शेळ्या व जखमी पशुपक्षी यांना हे अनुदान लागू नाही. शासनाचे अनुदान आधार म्हणून स्वागतार्ह आहे, परंतु महाजनांच्या वर्गणीची जागा ते घेऊ शकत नाही. शिवाय अनुदानातून चारा येतो, जमीन येत नाही.

स्मरणीय बोध

दोन शतकांच्या या वाटचालीतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, जागा संस्थेच्या नावे व कागदोपत्री निर्वेध असावी. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ अन्वये न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीविना विकता येत नाही. हा कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. विश्वस्तांना तो कधी जाचक वाटतो, परंतु चर्नी रोडचे कुरण आठवले म्हणजे त्यातील शहाणपण पटते. दुसरी, जमिनीबरोबर वाटेचा व पाण्याचा हक्कही दानपत्रातच नोंदविला जावा. तिसरी, चाऱ्याचा खर्च मोठ्या देणगीच्या आशेवर न ठेवता लहान पण नियमित वर्गणीवर ठेवावा. जुन्या लाग्याचे मर्म तेच होते.

याशिवाय एक गोष्ट पालिकेशी असलेल्या संबंधाची. रस्ता मोकळा हवा, बाग राखली जावी, अपघात टळावेत, ही नागरिकांची अपेक्षा रास्त आहे. १८३२ साली मुंबईच्या धुरीणांनी ती रास्त मानली व पर्याय स्वतःच्या खर्चाने उभा करून दाखविला. मागणीबरोबर जबाबदारीही उचलणाऱ्या समाजाचे म्हणणे सरकारला ऐकावे लागते, हा त्या प्रसंगाचा धडा होय.

दर संवत्सरीस जीवदयेच्या खात्यात रकमा लिहविल्या जातात. त्या खात्याच्या पानावर रकमेसोबत जमिनीचा गट क्रमांक, वाटेची नोंद आणि वर्षभराच्या चाऱ्याचा आकडाही लिहिला जावा. भुलेश्वरची पांजरापोळ जवळजवळ दोनशे वर्षे टिकली, ती करुणेने स्थापन झाली म्हणून तर खरेच, पण तिची वही रोज लिहिली गेली म्हणूनही. आगाशीच्या शिखराचे दर्शन घेताना मोतीशाह शेठांच्या या दुसऱ्या वारशाचेही स्मरण व्हावे.